टर्मिनलमध्ये चित्रं: सात महिने वापरून झाल्यावर

जूनमधल्या एका सकाळी साडेअकराला दिवसाचा दीड जीबी संपल्याचा मेसेज आला. ना व्हिडिओ पाहिला होता, ना काही डाउनलोड केलं होतं. उघडं होतं ते फक्त टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी.

जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पानं तपासायचं काम मी करते. फाइली भाड्याच्या सर्व्हरवर असतात आणि मी कणकवलीत, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. पान तिरकं आलंय का, शिवणीकडची अक्षरं घडीत गेलीत का, एवढंच बघायचं. आधी त्यासाठी तीन-तीन एमबीची फाइल उतरवून घ्यायचे, बघायचे आणि पुसायचे. डिसेंबरात किटी टर्मिनल घेतलं (ई-पुस्तकांच्या कॅलिबरवाल्या कोविद गोयल यांचंच), सर्व्हरवर त्याचं चित्र दाखवणारं आयकॅट टाकलं आणि कमांडच्या खाली चक्क पान उमटलं. शिवणीजवळ अर्धी कापलेली वेलांटीसुद्धा दिसत होती. त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

पण मी धरून चालले होते की खिडकीत बसेल इतकं लहान झालेलं पान डेटाही कमीच खाणार. तसं होत नव्हतं. किटीच्या चित्र पाठवायच्या पद्धतीत तीनच प्रकार चालतात: साधे आरजीबी ठिपके (म्हणजे पिक्सेल, प्रत्येकाचा लाल-हिरवा-निळा आकडा), पारदर्शकतेसकट आरजीबीए ठिपके, नाहीतर पीएनजी. जेपेग नाही. म्हणजे माझं जेपेग आधी सर्व्हरवर उलगडलं जाणार, लहान होणार आणि ठिपके होऊन निघणार. हिशेब सोपा आहे. ९०० बाय १२७० चं पान, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे ३४ लाख २९ हजार बाइट. वाटेत ते दाबलं (कॉम्प्रेस केलं) जातं खरं, पण पिवळ्या पडलेल्या कागदाचा रवाळपणा काही केल्या दबत नाही. शिवाय सगळं बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून जातं, तिथे तीन बाइटांचे चार होतात. मी मोजलं तेव्हा लहान केलेलं पान मूळ फाइलीच्या जवळपास भरलं. पाचशेच्या आसपास पानं पाहिली आणि पॅक संपला.

मॅकवरच्या आयटर्म या टर्मिनलची पद्धत फाइल आहे तशी उचलून पाठवते, जेपेगसकट. मग इथे का नाही? टर्मिनलवाल्यांनी चित्र वाचायचे कमीत कमी प्रकार सांभाळावेत, हे मला समजतं. पण जगातली कितीतरी स्कॅन जेपेगमध्ये पडली आहेत आणि मोजून डेटा वापरणाऱ्याला हा फरक रोज भरावा लागतो.

रागाच्या भरात चित्र पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीकडे, सिक्सेलकडे गेले. ही डेक कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या टर्मिनलांची पद्धत: एका अक्षरात उभे सहा ठिपके, एका वेळी एक रंग. किटीत ती चालत नाही म्हणून फूट नावाचं दुसरं टर्मिनल बसवलं. पान निव्वळ काळं-पांढरं केलं की सहा ओळींचा एक पट्टा, असे २१२ पट्टे, प्रत्येकात जास्तीत जास्त ९०० अक्षरं. म्हणजे वाईटात वाईट एक लाख नव्वद हजार बाइट, आणि समास मोकळा असेल तर 'हेच इतक्या वेळा' एवढं सांगून भागतं. दोन आठवडे मी भेटेल त्याला सिक्सेलच घ्या म्हणून सांगत होते.

ते मत आता बदललंय. एका संध्याकाळी तेच काळं-पांढरं पान सर्व्हरवरच इमेजमॅजिक या चित्रं बदलायच्या प्रोग्रामने एक बिटाची पीएनजी करून किटीला दिलं. आठ ठिपक्यांना एक बाइट, म्हणजे दाबण्याआधीच एक लाख त्रेचाळीस हजार, आणि दाबल्यावर, बेस६४ ची भर धरूनही, साठ हजारांच्या आत. सिक्सेलपेक्षा कमी! बचत झाली होती ती रंग टाकल्यामुळे, आणि श्रेय मी पद्धतीला देऊन बसले होते. ज्यांना मी फूट बसवायला लावलं, त्यांना हे सांगायलाच हवं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. काळं-पांढरं करताना डिथरिंग (मधल्या छटा ठिपक्यांनी भासवणं) बंद ठेवा. नाहीतर कागदाच्या पिवळेपणाचे हजारो बारीक ठिपके होतात, फाइल फुगते आणि अनुस्वार कुठला नि डाग कुठला ते कळेनासं होतं.

चाफा हा प्रोग्राम अक्षरांच्या ठोकळ्यांनी चित्र काढतो; ती चित्रं स्वस्त, असं सगळे सांगतात. रंगीत असतील तर तसं नाही. ८० बाय ५० च्या चौकटीत चार हजार घरं, आणि प्रत्येक घराला पुढचा-मागचा रंग सांगायला चाळीसेक बाइट लागू शकतात. एवढं करून पान तिरकं आहे इतकंच कळतं, अक्षर लागत नाही. त्यांचा खरा गुण वेगळा: ती मजकूरच असतात, त्यामुळे टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टिकतात.

टीमक्सशिवाय माझं चालत नाही. पावसात वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही जातो आणि कनेक्शन तुटतं. चित्राचा डेटा न वाचता तसाच पुढे सोडायची, म्हणजे पासथ्रूची सोय त्यात आहे, पण ३.३ आवृत्तीपासून ती मुद्दाम चालू करावी लागते. चित्र जातं, पण टीमक्सला त्याचा पत्ता नसतो, म्हणून दुसऱ्या खिडकीत गेलं तरी जुनं पान तिथेच चिकटलेलं दिसतं. किटीची युनिकोड जागा धरायची युक्ती वापरल्यापासून हा त्रास गेला, कारण चित्राच्या जागी टीमक्सला अक्षरंच दिसतात. तरी कनेक्शन तुटून नव्या खिडकीत जोडलं की ती जागा रिकामी, पान पुन्हा मागवायचं. साठ हजार बाइटला ते परवडतं.

परवडत नाहीत ती मुखपृष्ठं. ती रंगीतच बघावी लागतात आणि तिथे जेपेग नसल्याचा भुर्दंड पुरा बसतो. मी ती बाजूला काढून ठेवते आणि रविवारी वाचनालयात जाऊन तिथल्या वायफायवर बघते. आत्ता त्रेचाळीस साठली आहेत.