विंचूदंश : आधी प्राझोसिन की आधी प्रतिविष?

लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाब उतरवणारी गोळी आणि विंचवाचे प्रतिविष, हे दोन उपाय आता बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांच्या कपाटात शेजारी शेजारी असतात. तरी रात्री रुग्ण आला की आधी काय द्यायचे, यावर अजून घोटाळा होतो. नुसते दुखत असेल तर दोन्हींची गरज नाही. दंशाच्या जागी बिनअ‍ॅड्रिनलिनचे लिग्नोकेन (बधिर करणारे औषध) आणि बर्फ पुरतो. प्रश्न येतो तो घामाच्या धारा, उलट्या, लाळ, मुलग्यांत लिंगाचा ताठरपणा आणि गार पडत चाललेले हातपाय दिसल्यावर. अशा रुग्णात वेदना बेताचीच असते, आणि तिथेच फसगत होते.

दोन्ही औषधे वेगवेगळ्या टोकाला काम करतात. विषातली पेप्टाइडे चेतातंतूंवरच्या सोडियम वाहिन्या वेळेवर बंद होऊ देत नाहीत, त्यामुळे अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, त्या दाबाविरुद्ध हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. प्रतिविष रक्तात मोकळे फिरणारे विष बांधते. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरचे अल्फा ग्राहक अडवते, म्हणजे आधीच सुटलेल्या लोंढ्याचा परिणाम थोपवते.

प्रतिविषाची बाजू लंगडी नाही, हे आधीच सांगायला हवे. महाडला डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. नुसत्या प्राझोसिनवर रुग्ण पूर्ण बरा व्हायला सरासरी १७.७ तास लागले, जोडीला प्रतिविष दिल्यावर ८ तास. खाटा मोजक्या असतील आणि रुग्ण लवकर पोचत असेल, तर हा फरक मोठा आहे. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही : प्रकृती आणखी बिघडलेले रुग्ण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते, ३५ पैकी ४ आणि ३५ पैकी ५.

शिवाय ही तुलना प्रतिविष विरुद्ध प्राझोसिन अशी नव्हतीच. प्राझोसिन दोन्ही गटांना मिळाले होते. निर्णय करताना आम्हाला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकत आली आहे : प्रतिविष दिले तरी प्राझोसिन सुटत नाही. सलाईन चालू असते, कुप्या संपत आलेल्या असतात, आणि पावले अजून गारच लागतात. कारण रक्तात आधीच उतरलेल्या अ‍ॅड्रिनलिनवर प्रतिविषाचा काही इलाज नाही. शेवटी गोळी द्यावीच लागते, फक्त उशिरा.

त्यात तयारीचा वेळ. प्रतिविषाच्या भुकटीच्या कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घालून ती दोन तळहातांत हळूहळू फिरवावी लागते. घाईत हलवली की फेस धरते, आणि फेस बसेपर्यंत सिरिंजमध्ये नीट ओढता येत नाही. मग सलाईनमध्ये मिसळून थेंब लावायचे, आणि प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनलेले असल्याने त्याची रिअ‍ॅक्शन येते का, यावर नजर ठेवायची. रात्रपाळीला एकच परिचारिका असेल तर तेवढा वेळ तिला दुसरे काही करता येत नाही, आणि रक्तदाब बहुधा नेमका त्याच वेळात चढतो. सापाचे प्रतिविष इथे उपयोगाचे नाही, तरी ते अधूनमधून टोचलेले दिसतेच.

प्राझोसिनचे काम सोपे, पण काटेकोर. मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. दहा किलोच्या मुलासाठी १ मिलिग्रॅमची साधी गोळी १० मिली पाण्यात विरघळवून त्यातले ३ मिली द्यायचे. प्रौढाला साधारण १ मिलिग्रॅम. उलटी थांबत नसेल तर ऑन्डान्सेट्रॉन देऊन नाकातल्या नळीने. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाला नाडी आणि रक्तदाब बघायचा. हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा परत. बरे होताना दंशाची जागा पुन्हा ठणकू लागते. ती चांगली खूण आहे, घाबरून औषध बदलू नये.

बिघडते ते दोन ठिकाणी. घाम आणि उलट्यांनी गेलेले पाणी भरून न काढता गोळी दिली, तर रक्तदाब कोसळू शकतो. आणि आई मुलाला उचलून खांद्यावर घेते किंवा लघवीला उभे करते, तेव्हा ते कोमेजून जाते. आडवेच ठेवा, हे गोळीआधी दोनदा सांगावे. तरीही दाब उतरला तर पाय उंच करून सलाईन दिल्यावर बहुतेक वेळा सावरतो.

फुप्फुसात पाणी भरल्यावर नुसत्या गोळीवर विसंबू नये. तिथे नायट्रोग्लिसरीन किंवा सोडियम नायट्रोप्रुसाइडची शिरेतून धार आणि ऑक्सिजन लागतो. अ‍ॅट्रोपिन, बीटा ब्लॉकर, निफेडिपिन टाळलेलेच बरे.

तालुक्याचे रुग्णालय जवळ असेल आणि माणूस दंशानंतर तासा-दोन तासांत आला असेल, तर दोन्ही द्यावीत. पण गोळी आधी, कुपी नंतर. तीन-चार तास उलटून गेलेल्या रुग्णात प्रतिविषाने फार काही बदलेल असे आम्हाला वाटत नाही. एकाचाच साठा ठेवणे परवडत असेल, तर आम्ही प्राझोसिनच ठेवू. १९८० च्या दशकात महाडमध्ये त्याचा वापर सुरू झाल्यावर मृत्यू झपाट्याने घटले, तेव्हा जोडीला प्रतिविष नव्हते.

खरेदी करताना मात्र पाकीट उलटून बघा. औषध दुकानात बहुधा रक्तदाबासाठीची दीर्घकाळ झिरपणारी गोळी मिळते, २.५ किंवा ५ मिलिग्रॅमची. ती इथे चालत नाही. सावकाश झिरपते म्हणून वेळेवर उपयोग नाही, आणि कुटली तर मात्रेचा भरवसा राहत नाही. साधी १ मिलिग्रॅमचीच मागवा. रुग्ण पुढे पाठवताना पहिली मात्रा कधी आणि किती दिली ते चिठ्ठीवर ठळक लिहा, नाहीतर पुढच्या रुग्णालयात ती अर्ध्या तासात परत दिली जाते.