आजीच्या गालावरचे देवीचे वण पुसले, आणि सात पट्ट्या गेल्या त्या गेल्याच

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातलं आमचं घर पाण्याखाली गेलं. कपाटातले अल्बम चार-पाच दिवस बुडून होते. बाहेर काढले तेव्हा फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. वाचला तो पोटमाळ्यावरचा डालड्याचा डबा. बाबांनी १९६८ ते १९७९ मध्ये आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेल्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंच्या निगेटिव्ह त्यात होत्या. एका रोलमध्ये १२ फोटो, असे १६ रोल. तीन-तीन फोटोंच्या ६४ पट्ट्या, बटर पेपरात गुंडाळलेल्या. त्या काळातलं आमच्या घराचं जे काही उरलं होतं, ते एवढंच.

गेल्या वर्षी आईने मनावर घेतलं, की हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं. एका लॅबने एका फोटोला ४० रुपये सांगितले, म्हणजे साडेसात हजारांच्या वर. तेवढ्यात ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. तो म्हणाला १२ रुपये. 'ताई, काळजीच करू नका, आपल्याकडे इन्फ्रारेड स्कॅनर आहे, धूळ, ओरखडे सगळं आपोआप निघतं.' मी तिथेच थांबायला हवं होतं. इन्फ्रारेडने ओरखडे काढायची युक्ती रंगीत निगेटिव्हवर चालते. साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्र चांदीचं असतं, चांदी इन्फ्रारेडला अडवते, आणि मशिनला चित्र कुठलं नि ओरखडा कुठला ते कळत नाही. अशा फिल्मसाठी जो ही सोय सांगतो, त्याने ती कधी स्कॅन केलेलीच नसते. हे मला नंतर कळलं.

नमुना म्हणून त्याने एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मोबाइलच्या स्क्रीनवर कुठलाही फोटो चांगलाच दिसतो. मी निम्मे पैसे यूपीआयने दिले आणि डबा त्याच्या हातात ठेवला. पट्ट्या मोजून दिल्या, पण पावती घेतली नाही.

महिन्याभराने फोन आला. निगेटिव्हवर बुरशी होती, साफ करायला वेगळी मेहनत पडली, ३,५०० रुपये जास्त द्या, मग माल घेऊन जा. माल! बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या हातचं दुसरं काही आमच्याकडे नाही. मी पैसे दिले. कुणीही दिले असते, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पेन ड्राइव्ह लावला. फाइली भल्यामोठ्या, प्रत्येक फोटो ४,००० बाय ४,००० पिक्सेलचा. आई शेजारी बसली होती. दारात तांदूळ निवडत बसलेल्या आजीचा फोटो आला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'ह्या कोण बाई?'

आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर वण होते, डावी भुवई मधेच तुटलेली होती. फोटोतल्या बाईचे गाल तुळतुळीत होते, भुवया एकसारख्या कोरलेल्या, आणि नथीचे मोती एकमेकांत वितळून एक पांढरा ठिपका झाला होता. मोबाइलवर काढलेला धूसर फोटो एआय अ‍ॅपमध्ये घालून मोठा केला होता. जिथे तपशील नव्हता, तिथे अ‍ॅपने स्वतःच्या मनाने चेहरा भरला होता.

मोबाइलवर काढलेला हे कशावरून? काही फाइली त्याने अ‍ॅपमध्ये न घालता तशाच ठेवल्या होत्या. त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये स्कॅनरच्या जागी फोनचं मॉडेल होतं. शिवाय फोटो मोठा केला की आकाशात बारीक चौकोनी जाळी दिसत होती. निगेटिव्ह टॅबच्या पांढऱ्या स्क्रीनवर तशीच ठेवून वरून फोटो घेतला, की स्क्रीनचे ठिपके असे उमटतात. हे दोन्ही तपासायला दोन मिनिटं लागतात. उरलेले पैसे देण्याआधी ती दोन मिनिटं काढा.

घरी येऊन पट्ट्या मोजल्या. ५७ भरल्या. सात पट्ट्या, म्हणजे २१ फोटो नाहीत. 'तुम्ही दिल्या तेवढ्याच होत्या,' तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. माझ्याकडे पुरावा म्हणून यूपीआयच्या नोंदी आणि चॅट आहेत, पण ६४ हा आकडा कुठेच लिहिलेला नाही.

म्हणून हात जोडून सांगते, निगेटिव्ह हाताबाहेर देण्याआधी प्रत्येक पट्टीला नंबर द्या. पट्टीवर नाही, तिच्या पाकिटावर, पेन्सिलने. मग खिडकीच्या काचेवर पांढरा कागद लावून, त्यावर पट्टी धरून प्रत्येकीचा मोबाइलने फोटो काढा. तो छापण्याजोगा नसेल, पण काय दिलं याचा पुरावा राहील, आणि पट्टी गेलीच तर निदान तेवढं तरी उरेल. पहिल्यांदा एकच रोल द्या. नमुना पेन ड्राइव्हवरच मागा. झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर समोर चालताना बघा. साध्या कागदाच्या स्कॅनरवर निगेटिव्ह होत नाही. आमच्यासारख्या मोठ्या चौकोनी फिल्मला १,६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात १,६०० ठिपके धरून, साधारण ३,५०० बाय ३,५०० पिक्सेल खरे मिळतात.

उरलेल्या ५७ पट्ट्या आता मावसभावाच्या स्कॅनरवर मी स्वतः करते आहे, रविवारी दोन-तीन. आजीचे वण परत आले. आईने तो फोटो छापून घेतला.

हरवलेल्या सात पट्ट्यांत आत्याचं लग्न आहे. केळीचे खांब लावलेला मांडव, मागे जू टेकवलेली बैलगाडी, आणि मुंडावळ्या बांधलेली, खाली बघणारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी. सांगली-मिरजेकडे जुन्या बाजारात किंवा रद्दीत कुणाला अशा चौकोनी निगेटिव्ह दिसल्या, तर उजेडाकडे धरून एकदा बघा. बैलगाडी दिसली तर त्या आमच्या आहेत.