परम्याची तपासणी: सुरक्षा क्लिनिक, खासगी लॅब की मेडिकलवरची गोळी?

परमा म्हणजे गोनोरिया, लैंगिक संबंधातून पसरणारा जंतुसंसर्ग. लघवीला जळजळ आणि लिंगातून पिवळसर पू, एवढी त्याची ओळख बहुतेकांना असते. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना ती पुरत नाही, कारण घशातला आणि गुदद्वारातला परमा बहुधा गुपचूप राहतो. ना दुखतं, ना पू येतो. म्हणून कुठे जायचं हे ठरवण्याआधी स्वतःलाच विचारा, जंतू शिरला असेल तर कुठून? तोंडाचा संबंध आला असेल तर घसा तपासायचा, गुदमैथुनात स्वीकारणारे असाल तर गुदद्वार. नुसत्या लघवीचा निगेटिव्ह रिपोर्ट या दोन जागांबद्दल अवाक्षरही बोलत नाही.

पू येतोय, तर

सरळ सुरक्षा क्लिनिक, म्हणजे लैंगिक आजारांचं सरकारी क्लिनिक, गाठा. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ते असतं, उपचार मोफत. जवळचं केंद्र १०९७ या टोल-फ्री क्रमांकावर कळतं. इथली पद्धत लक्षणांवरून औषध देण्याची: पू असेल तर करड्या रंगाचं किट क्रमांक १, त्यात सेफिक्झिम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन. त्याच भेटीत सिफिलिस आणि एचआयव्हीची रक्ततपासणीही उरकून घ्या.

जिथं लॅब आहे तिथं पुवाचा थेंब काचेवर पसरून ग्राम स्टेन करतात, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पांढऱ्या पेशींच्या पोटात गुलाबी जंतूंच्या जोड्या दिसल्या की निदान झालं. लिंगातल्या पुवासाठी ही स्वस्त काच महागड्या चाचणीच्या तोडीची आहे. घशासाठी मात्र ती कुचकामी, कारण हुबेहूब तसेच दिसणारे निरुपद्रवी जंतू घशात एरवीही नांदत असतात.

या वाटेची मर्यादा उघड आहे. लक्षणच नसेल तर लक्षणांवरून उपचार कसले? शिवाय संबंध कुठून आला हे समुपदेशकाला स्पष्ट सांगितलं नाही, तर घसा आणि गुदद्वार नजरेआड राहतात.

काही होत नाहीये, पण शंका आहे, तर

इथं खासगी लॅबची पीसीआर चाचणी, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, सरस. पण ती फसते ती यंत्रात नाही, नमुन्यात.

लघवीचा नमुना द्यायचा तर आधी किमान एक तास लघवी करू नका आणि सुरुवातीची धार घ्या, २० ते ३० मिली. नेहमीच्या लघवी-कल्चरच्या सवयीनं लॅबवाले ‘मधली लघवी आणा’ सांगतात. इथं ते चूक. जंतूंचा अंश पहिल्या धारेत वाहून येतो, मधल्या धारेत तो विरळ होतो. घशाचा स्वॅब (नमुना घ्यायची कापसाची काडी) दोन्ही टॉन्सिल आणि मागच्या भिंतीवर घासायचा, गालाच्या आत नाही. गुदद्वाराचा स्वॅब ३ ते ५ सेंमी आत घालून हळूच फिरवायचा. हे दोन्ही स्वॅब स्वतः घेतले तरी चालतात, निकाल तितकाच भरवशाचा येतो. घसा आणि गुदद्वाराचे नमुने घेता का, हे लॅबला आधी फोन करून विचारा. क्लॅमिडिया, म्हणजे संबंधातूनच पसरणारा दुसरा जंतू, तोही त्याच नमुन्यात तपासून मागा.

संबंधाच्या दुसऱ्या दिवशी धावत जाण्यात अर्थ नाही. एक-दोन आठवडे जाऊ द्या. तीन जागा म्हणजे बहुधा तिप्पट बिल. दोनच परवडत असतील तर घसा आणि गुदद्वार तपासा. लिंगातला परमा बहुतेकदा पू आणून स्वतःच हजेरी लावतो.

उपचारानंतरही पू थांबला नाही तर पीसीआरपेक्षा कल्चर (जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) हवं, कारण कोणतं औषध लागू पडेल हे कल्चरच सांगतं. हा जंतू नाजूक. स्वॅब वाळला किंवा फ्रिजमध्ये राहिला की मरतो. नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी आणि शक्यतो लॅबमध्येच द्या.

गोळी की इंजेक्शन

निवडीला वाव असेल तर इंजेक्शन. अमेरिकेत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ५०० मिग्रॅ, ब्रिटनमध्ये १ ग्रॅम, दोन्हीकडे स्नायूत एकदाच. घशात सेफिक्झिम कमी पडतं, म्हणून घशाचा परमा असेल तर डॉक्टरांकडे इंजेक्शनचा विषय काढाच. क्लॅमिडिया नाही याची खात्री नसेल तर जोडीला डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ७ दिवस. पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिनची (वरची सेफ-नं सुरू होणारी औषधं याच गटातली) अ‍ॅलर्जी असेल तर सुई टोचण्याआधी सांगा.

मेडिकलवरून सिप्रोफ्लॉक्सासिन घेणं हा सर्वांत वाईट सौदा. भारतात परम्याचा जंतू त्याला फार पूर्वीच सरावला आहे. अर्धवट उपचारानं पू ओसरतो, जंतू राहतो आणि नंतरचं कल्चरही बिघडतं.

औषधानंतर ७ दिवस संबंध नको, आणि गेल्या ६० दिवसांतल्या जोडीदारांनाही तपासणी व उपचार हवेत. नाहीतर हाच जंतू फिरून तुमच्याकडे येतो. घशाची फेरतपासणी साधारण १४ दिवसांनी. त्याआधी केलेली पीसीआर मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही पॉझिटिव्ह येऊ शकते. तीन महिन्यांनी सगळ्या जागा पुन्हा तपासा.

पुन्हा होऊ नये म्हणून

निरोध गुदमैथुनात नीट वापरला तर चांगला आडोसा देतो. मुखमैथुनात फार थोडे जण तो वापरतात, आणि घसा तिथेच सापडतो. संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन २०० मिग्रॅ घेण्याचा उपाय सिफिलिस आणि क्लॅमिडियावर चांगला चालतो, परम्यावर तो लंगडा पडतो. इंग्लंडनं २०२५ मध्ये मेनिंजायटिस-बीची लस जास्त जोखमीच्या समलिंगी पुरुषांना परम्यासाठी द्यायला सुरुवात केली. तिचं संरक्षणही अंशतःच आहे. प्रेप, म्हणजे संबंधाआधीपासून घ्यायचं प्रतिबंधक औषध, एचआयव्ही रोखतं, परमा नाही. पण प्रेपवर असाल तर दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला जाताच. त्याच फेरीत दोन स्वॅबही देऊन या.