पांढरा बांगडा गुलाबी झाला

मालवणात किल्ला बघायला आलेला पर्यटक 'गोवा' लिहिलेला टी-शर्ट घालून फिरतो, मग त्याच्या छातीवर आपला बांगडा का नको? एवढ्याच विचाराने मी ब्रँड काढायला निघालो. चित्रं माझीच होती. अडलं ते कापडावर.

कोरे शर्ट तिरुपूरहून मागवायचे ठरवलं. होजियरीचं गावच ते. इन्स्टाग्रामवर तिथला म्हणवणारा एक 'मॅन्युफॅक्चरर' भेटला. त्याने कुरिअरने सॅम्पल पाठवलं, आणि ते खरोखर सुरेख होतं: कोम्ब्ड कॉटन म्हणजे विंचरलेलं सूत, बायोवॉश म्हणजे लव काढलेलं कापड, आणि 180 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजन. चार वेळा धुतलं तरी बाजूची शिवण पिळली नाही. व्हिडिओ कॉलवर त्याने चालती मशिनं दाखवली. कोणाची होती देव जाणे.

300 नग, 215 रुपये दर, एकूण 64,500. निम्मे आधी, निम्मे माल ट्रान्सपोर्टला टाकण्याआधी. "बिल नको असेल तर जीएसटीचे पाच टक्के वाचतील," तो म्हणाला आणि मी हो म्हटलं. लिहायला लाज वाटते, पण पुढे सगळं त्या होकारावरच अडलं. कोटेशनवरचा जीएसटी नंबर 24 ने सुरू होत होता. 24 म्हणजे गुजरात, तमिळनाडूचा 33 असतो. हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असंही सुचलं नाही. तोच नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला तेव्हा नाव तिसऱ्याच कोणाचं निघालं. पण टाकला कधी? माल घरात आल्यावर.

दिवाळीला आठ दिवस असताना गोण्या आल्या. वरचे वीस-पंचवीस शर्ट हुबेहूब सॅम्पलसारखे. मी आनंदात फोटो काढला आणि 'माल मिळाला, मस्त आहे' असा मेसेज त्याला धाडला. खालचे बघितलेच नाहीत.

कुडाळच्या प्रिंटिंगवाल्या काकांनी मरून रंगाच्या शर्टांवर पांढरा बांगडा छापून शाई तापवून पक्की केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर बांगडा गुलाबी! मी शाईला दोष देऊ लागलो. काका म्हणाले, "शाई बरी आसा. ह्यां सुती न्हय रे झिला." पॉलिस्टरचा रंग उष्णतेने सुटतो आणि शाईत चढतो. त्यांनी शिवणीतून एक धागा ओढून काडी लावली. सूत जळलं की कागदासारखा वास येतो, राख चुरगळते. ह्याचा वितळून काळा, टणक मणी झाला.

मग दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून सोनाराकडे नेला. त्याच्या काट्यावर जेवढे ग्रॅम भरतील त्याला शंभरने गुणायचं, की जीएसएम. भरले 1.38, म्हणजे 180 च्या जागी 138. सोनार हसला नाही, हे त्याचे उपकार.

फोन लावला तर आधी 'बघतो', मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण एका ओळखीच्या वकिलांनी माझ्याच मोबाइलवर बोट ठेवलं. माल पोचलाय, 'मस्त आहे' असं तूच लिहिलंयस, बिल नाही, सॅम्पलवर त्याची सही-शिक्का नाही. उद्या तो म्हणेल, हाच माल ठरला होता. काहीच न पाठवणाऱ्या चोरापेक्षा हा हुशार निघाला. हलका माल पाठवून त्याने गुन्ह्याचा धंद्यातला वाद करून टाकला.

आता मी थोडाच माल घेतो, तोही बिलावर. गोणी उघडताना व्हिडिओ चालू ठेवतो आणि अगदी तळातला शर्ट आधी ओढतो. सॅम्पलचा एक तुकडा सोनाराच्या पुडीत जपून ठेवलाय. त्या माणसाची जाहिरात अजून दिसते, तोच सुरेख शर्ट दाखवत.

गुलाबी बांगड्यांचे शर्ट शेवटी 70 रुपयांनी रापणवाल्यांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी नेले. अंगावर पटकन सुकतात म्हणून ते खूश आहेत. पहाटे किनाऱ्यावर गेलं की वीसेक गुलाबी बांगडे ओळीने जाळं ओढताना दिसतात.