बाबांचा लॅपटॉप: नवा घ्यावा की जुन्यावरच लिनक्स टाकावं?

बाबांचा लॅपटॉप 2016चा. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज 11ला टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा, बाबांचा सहाव्या. त्याच मशीनवर ते बँकेचे व्यवहार करतात, त्यामुळे मला स्वस्थ बसवेना.

नवा बघायला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात दोन दुपारी पायपीट केली. नव्यात वॉरंटी मिळते, कंपनीकडून बायोसचे (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट येत राहतात, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली बिनबोभाट चालतं. पण बऱ्याच पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही. हे घेण्याआधी विचाराच.

शेवटी जुन्यावरच विंडोजऐवजी लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. तिला 2029पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, तेही फुकट. आधी डेटाचा बॅकअप घेतला, मग हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) बसवली. खरा फरक तिथेच पडला. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात छोटी ढाल दिसते. तिच्यावर ठिपका आला की बाबा चष्मा लावतात, पासवर्ड एकेक अक्षर बघून टाकतात आणि अपडेट पूर्ण होईपर्यंत खुर्चीवरून हलत नाहीत. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही लगेच जमला.

उणीव एकच, पण खरी: बायोसचे अपडेट कंपनीने कधीच थांबवलेत, ते मिंट भरून काढू शकत नाही.

टॅली किंवा फक्त विंडोजवर चालणारं काही रोज लागत असेल तर नवाच घ्या. ब्राउझर, पत्रं, फोटो एवढंच असेल, तर माझं मत जुन्याच्या बाजूने.