महाबळेश्वर की पाचगणी?

निवृत्तीनंतर घर कुठे भाड्याने घेऊ, असं मावशीने विचारलं. दोन्ही गावं एकाच अक्षांशावर, मध्ये जेमतेम वीस किलोमीटर.

उन्हाळ्यात फारसं डावं-उजवं नाही. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि दोन्ही गावं 1,200 मीटरच्या वर आहेत. मे महिन्यात खाली वाईत घामाच्या धारा, वर गार वारा.

खरा फरक पावसात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला भिडून वर चढतात, थंड होतात आणि महाबळेश्वरवर रिते होतात: वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास! पुढे पूर्वेकडे वारा कोरडा होत जातो. पाचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. जुलैत महाबळेश्वरला दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. घराची डागडुजीही दरवर्षी आलीच. पाचगणीत धुकं असतं, पण मधूनच छान उघडीप मिळते.

बारमाही राहायचं असेल, त्यात दमा असेल, तर मावशी, पाचगणीच घे. हिरवंगार ओलं जंगल हवं असेल आणि पावसाळ्याचे चार महिने पुण्यात काढायची तयारी असेल, तर महाबळेश्वर.