सॉल्ट लेक सिटीचं फॅमिलीसर्च ग्रंथालय: यंत्रं चांगली आहेतच, पण तिथलं म्हातारं जोडपं गाठा

युटाला लेकीकडे गेलेल्या आईवडिलांनी नातवंडं शाळेत गेल्यावर करायचं काय, असं मला बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. सॉल्ट लेक सिटीत टेंपल स्क्वेअरला, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मुख्य आवाराला, लागूनच त्यांच्या चर्चचं फॅमिलीसर्च ग्रंथालय आहे. पूर्वजांच्या जुन्या नोंदी शोधायची जागा. पाच मजली, प्रवेश फुकट, आणि तुमचा धर्म कुणी विचारत नाही. माझी उभी नोकरी नाशिकला भूमी अभिलेखमध्ये गेली. त्यामुळे दफ्तर दिसलं की आधी टेबलावरच्या माणसाचं तोंड बघायची सवय आहे. इथे टेबलामागून सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं स्वतः उठून आमच्यापर्यंत आलं. निम्मे गुण मी तिथेच देऊन टाकले.

दोघांच्या छातीवर काळी पाटी होती, त्याच्या पाटीवर 'एल्डर' आणि तिच्या पाटीवर 'सिस्टर', ही चर्चमधली संबोधनं. आयडाहोत त्यांची बटाट्याची शेती. ती मुलाच्या हवाली करून दोघं दीड वर्षाच्या मिशनवर, म्हणजे चर्चच्या सेवेला, आलेले. पांढरा शर्ट आणि टाय लावून दारोदार फिरणारी तरुण पोरं वेगळी, हे निवृत्त जोडप्यांचं खातं वेगळं. पगार नाही. वर घरभाडं, किराणा, गाडीचं पेट्रोल, सगळं पदरचं. "म्हणजे पैसे भरून नोकरी," असं आमचे हे मराठीत पुटपुटले. मी डोळे वटारले, पण म्हणणं खरंच होतं.

त्यांचा आठवडा मी खोदून खोदून विचारला. ग्रंथालयातल्या पाळ्या ठरलेल्या. एक दिवस कपडे, बाजारहाट आणि मुलांशी फोन. सोमवारी संध्याकाळी कुटुंबाचा वेळ, तो आता पडद्यावर: पाच राज्यांतली नातवंडं, एक प्रार्थना, एक गाणं आणि मग पोरांचा गोंधळ. गुरुवारी टॅबर्नॅकल सभागृहात चर्चच्या गायकवृंदाची तालीम असते, ती कुणालाही फुकट ऐकता येते, तिथे हे दोघं ठरलेले. रविवारी दोन तासांची सभा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी. समोरचं मोठं टेंपल भूकंपाला तोंड देता यावं म्हणून 2019 च्या अखेरीस दुरुस्तीसाठी बंद केलं होतं, म्हणून हे दोघं गाडी काढून बाउंटिफुल गावच्या टेंपलला जायचे. चहा-कॉफी वर्ज्य. हे कळल्यावर ह्यांना त्यांची फार दया आली.

आता कामाचं. ह्यांचे चुलत आजोबा दत्तोपंत 1920 च्या सुमारास शिकायला कॅलिफोर्नियाला गेले, एवढंच घरात माहीत. 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानी मजुरांना अमेरिकेचे दरवाजे बंद झाले होते, विद्यार्थ्यांना मात्र वाट होती. आडनाव टाकून शोधलं, काही नाही. सिस्टरने आडनावाची दोन अक्षरं ठेवून पुढे फुली (*) टाकली, म्हणजे बाकीची अक्षरं काहीही चालतील, तरी नाही. मग मी तिला सांगितलं की आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं. ती क्षणभर थांबली आणि बापाचं नावच आडनावाच्या रकान्यात टाकलं. दत्तोपंत हजर! सॅन फ्रान्सिस्कोला लागलेल्या बोटीची प्रवासी यादी. कारकुनाने त्यांचं आडनाव सरळ गाळलं होतं.

त्या यादीचे रकाने बघून माझ्यातली रेकॉर्डवाली जागी झाली. वय, धंदा, लिहिता-वाचता येतं का, मायदेशी जवळचा नातेवाईक कोण आणि राहतो कुठे, तिकीट कुणी काढलं, जवळ पन्नास डॉलर आहेत का, उंची, रंग, अंगावरच्या खुणा. दत्तोपंतांच्या उजव्या भुवईवर व्रण होता, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वंशाच्या रकान्यात 'ईस्ट इंडियन'. एल्डरचा शेतकरी पंजा एवढा मोठा की माऊस त्याखाली दिसेनासा होतो, पण पान अगदी हळू सरकवतो. छापून द्यायच्या आधी त्याने ओळीखाली पट्टी धरून सगळे रकाने ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या खात्यात नक्कल अशी कुणी दिली असती तर मी त्याला पेढे दिले असते.

मराठी कागदांची मात्र फार आशा धरू नका. हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोव्याच्या पंड्यांच्या वह्या फॅमिलीसर्चवाल्यांनी मायक्रोफिल्मवर घेतल्यात, त्या पानापानाने चाळाव्या लागतात. हस्ताक्षर वाचणारा त्यांचा नवा शोध इंग्रजीला उत्तम आहे, आपल्या मोडीपुढे त्याचा उपयोग नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की नामावळ निघते, हे मी सिस्टरला सांगितलं तेव्हा तिने खुर्ची जवळ ओढून सगळं लिहून घेतलं.

एक गोष्ट जाण्याआधी समजून घ्या. हा खटाटोप निव्वळ हौस नाही. मेलेल्या पूर्वजांच्या नावाने टेंपलमध्ये जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो, त्यासाठी नावं लागतात. मी थेट विचारलं, सिस्टरनेही आडपडदा न ठेवता सांगितलं: ते स्वीकारायचं की नाही हे त्या आत्म्याच्या हातात, आणि नियमाप्रमाणे ज्याने त्याने आपलेच पूर्वज द्यायचे. आपल्याकडे श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेतात, त्यामुळे मला धक्का बसला नाही, पण तुम्हाला बसू शकतो. त्यांच्या संकेतस्थळावरचा वंशवृक्ष सगळ्या जगाचा मिळून एकच आहे. हयात माणसं झाकलेली असतात, मृतांची नोंद कुणीही बघू शकतो आणि बदलूही शकतो. आम्ही शोध घेतला, छापील नक्कल घेतली, झाड चढवलं नाही. कुणी आग्रह केला नाही, घरचा पत्ता मागितला नाही.

जाताना पूर्वजाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग (नाशिकचं 'Nasik') आणि पेनड्राइव्ह न्या. लेक लीहायसारख्या जवळच्या गावात राहत असेल तर तिथून फ्रंटरनर रेल्वेने नॉर्थ टेंपलला उतरून ट्रॅक्स ट्रामची हिरव्या मार्गाची गाडी धरली की झालं, जावयाला सुट्टी टाकायला लावू नका. रविवारी बंद. आयडाहोवाल्यांची मुदत संपत आली होती, पण त्यांच्या जागी दुसरं जोडपं येणारच. पाचपैकी साडेचार. अर्धा चहाचा कापला.